खाडी उघडणारी बाई

नाबिंतूच्या पोटात दुखायचं ते कुणाच्या गाईवरून नाही की कुणाच्या नव्या पत्र्याच्या छपरावरून नाही. नवऱ्यावरून तर मुळीच नाही. तो बुकावू शहरात दुसरं घर करून बसला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, घोरणं तरी गेलं," आणि त्याची खाट शेजारणीला देऊन मोकळी झाली. तिचं दुखणं एकच होतं. रोज सकाळी होड्या काळ्या खडकाच्या खाडीत शिरताना वल्हेकरी गाण्यात एका बाईचं नाव घेतात, आणि ते नाव आता तिचं राहिलं नव्हतं.

आमच्या या खाडीत माझुकू निघतो, म्हणजे श्वास कोंडून मारणारा वायू. डोंगराने कधीकाळी ओकलेला काळा खडक थेट पाण्यापर्यंत आलाय, त्याच्या भेगांतून तो बाहेर पडतो. त्याला ना रंग ना वास. हवेपेक्षा जड असल्यामुळे वर म्हणून जायचा नाही, उतारावरून खाली खाली सरकत येतो. जमिनीवर एखादा खळगा मिळाला की तिथेच दबा धरून बसतो आणि त्यात चरायला उतरलेली शेळी परत येत नाही. पण पाण्यावर त्याला अडवायला ना झुडूप ना बांध. कीवू सरोवराचं पाणी एकदा सापडलं की तो सांडलेल्या तेलासारखा पसरत जातो. वारा पडलेला असला तर सकाळपर्यंत खाडीभर त्याचा गुडघाभर उंचीचा थर बसतो. काठावर उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. होडीत माणूस बसलेला असतो, आणि होडीतलं पाणी उपसणारा तर वाकलेला. उजाडताना डोंगराकडून जी झुळूक येते ती भलतीच फसवी, ती नुसती तो थर आख्खाच्या आख्खा पुढे ढकलते. सरोवराकडचा खरा वारा सुटला की मगच तो फाटतो, विरळ होतो, वर उधळतो, आणि खाडी पुन्हा आपली होते.

म्हणून मासे घेऊन आलेल्या होड्या खाडीच्या तोंडाशी थांबतात. काठावरची एक बाई लांब बांबूच्या टोकाला सुक्या गवताची पेटती चूड बांधून टोकाच्या खडकावर जाते. चूड विझली तर थांबायचं. जळत राहिली तर ती बाई बांबू उंच करून डोक्यावर फिरवते, तेव्हा खाडी उघडली असं म्हणतात. मग तीन होड्या लांब वाशांनी एकत्र जोडलेल्या, मध्ये जाळं, सगळी वल्ही एकदम पडतात आणि गाणं सुरू होतं. गाणं रोज तेच, फक्त खाडी उघडणारीचं नाव त्यात घालायचं. पहिल्या होडीतली पहिली ओंजळभर सांबाझा, म्हणजे आमची बोटभर लांबीची चंदेरी मासळी, तिच्या टोपलीत पडते. ओंजळभर मासळीला कोण विचारतं! पण चाळीस गडी पाण्यावरून तुमचं नाव घेत येतात, हे सुख ज्याला मिळालं त्यालाच कळतं.

नाबिंतूला हे काम सासूने दिलं. सासऱ्याला माझुकूनेच नेलं होतं, होडीत बसल्या जागी, हातात उपसायचं डबडं तसंच. त्यानंतर सासूने खडकावर बसून दिवसच्या दिवस पाण्याकडे पाहिलं आणि चूड कशी धरायची ते शोधून काढलं. मरायच्या आधी सुनेला म्हणाली, "लांबोडे, तुझी उंची कशाला म्हणून कामाला येत नाही. गुडघे टेक. ज्योत पाण्याला चाटेल इतकी खाली ने. माणसाच्या उंचीवर चूड जळते, त्याला काही अर्थ नाही. माझुकू खाली असतो."

नाबिंतू पाठ काठाकडे करून गुडघे टेकायची. कमरेला गुंडाळलेलं कापड, आमचं किटेंगे, पसरायचं, त्यामुळे हात काय करतोय ते कुणाला दिसायचं नाही. काठावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांना दिसायचं ते इतकंच, की बाई खडकावर गेली, वाकली, उठली आणि चूड फिरवली. बायका तिला लेकराच्या नावाने हाक मारायच्या, त्या म्हणायच्या, चिझाची आई देवाला विचारते. चर्चमधले पाद्रीबाबासुद्धा एकदा कौतुकाने म्हणाले, की कामाआधी प्रार्थना करणारी बाई पाहावी तर हिला. नाबिंतूने नुसती मान खाली घातली. प्रार्थना म्हणतायत तर म्हणू देत. पद्धत आपल्या पदरात झाकलेली राहील. एखादा पैशांचा हंडा जमिनीत पुरून ठेवावा तशी तिने ती वर्षानुवर्षं झाकून ठेवली.

आणि मग तिला हिवताप आला. चांगले दोन रविवार ती चटईवरून उठली नाही. होड्या तर थांबायच्या नाहीत. तेव्हा जाळी विणणाऱ्या बशिगेची नवी बायको पुढे झाली.

मुगोली तिचं नाव. इज्वी बेटावरची पोर, तिकडे माझुकू कुणी पाहिलेलासुद्धा नाही. आवाज असा की चर्चमध्ये ती गायला लागली की म्हातारे काठी टेकवून उभे राहायचे. दिसायला बरी, हसायला त्याहून बरी, आणि कुणी काही सांगितलं की "होय हो" म्हणून उठणारी. अशा बाईचा राग करायला काही कारण तरी सापडावं की नाही? सापडत नव्हतं, आणि तेच नाबिंतूला सगळ्यात जास्त झोंबायचं.

मुगोलीने वर्षभर काठावरून जे पाहिलं होतं तेच केलं. खडकावर गेली, गुडघे टेकले, आणि खरोखरच प्रार्थना केली. नुसती केली नाही, गाऊन केली. बांबू तेवढ्या वेळात खांद्याशी उभा धरलेला, चूड वर वाऱ्यावर मजेत जळतेय. मग उठली आणि फिरवली. होड्यांना खाडी लवकर मिळाली, मासळी ताजी बाजारात गेली, आणि मुकादम म्वेंदांगा, जो तिन्ही होड्यांचं गाणं उचलून द्यायचा, त्याने मोठ्या हौसेने गाण्यात मुगोलीचं नाव घातलं.

नाबिंतूने ते चटईवर पडल्या पडल्या ऐकलं. तापाने नव्हे, त्या गाण्याने तिला खरा घाम फुटला.

बरी झाल्या दिवशी ती बांबू मागायला गेली. म्वेंदांगा जाळं झटकत होता.

"चिझाची आई, अहो, उठलात का तुम्ही! वा! पण एवढी घाई कशाला? बसा की जरा उन्हात."

"मी उन्हात बसायला पपई आहे का वाळत घातलेली? माझा बांबू कुठंय?"

"मुगोलीकडे आहे. चांगलं करते हो ती. पोरांना पण आवडतं. तुम्ही फार वेळ लावायचात."

"मी वेळ लावायचे म्हणून तुझी पोरं जिवंत आहेत!"

"ते आहेच," म्वेंदांगा म्हणाला आणि हसला. तो 'ते आहेच' म्हणून जे हसला ना, ते तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

त्यानंतर नाबिंतू रोज काठावर यायची. मासळी घ्यायला येते म्हणायची, पण तिची टोपली बहुधा रिकामीच परत जायची. ती यायची ते मुगोलीला पाहायला. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं होतं की ही बया चूड खाली नेतच नाही. ओठावर आलंही होतं की सांगावं, अगं वेडे, खाली. पण सांगितलं तर ती शिकेल. शिकली तर मग गाणं जन्मभर तिचंच. म्हणून नाबिंतूने जीभ चावली, आणि मनाची समजूत घातली की कोरडा हंगाम आहे, वारा उठता बसता वाहतोय, माझुकू टिकतोय कुठे. हे खरंही होतं. पण माणूस खऱ्याच्या आडही लपतो.

जीभ चावली ती फक्त त्या एका बाबतीत. बाकी तिची जीभ मोकाट सुटली होती. बांबू वाकडा आहे म्हणायची. चूड ओली बांधली म्हणायची. रविवारी मुगोलीने एकटीने गाणं म्हटलं तेव्हा शेजारणीच्या कानात म्हणाली, "बकरी बरी याच्यापेक्षा." शेजारीण म्हणाली, "तू रडत होतीस की आत्ता." नाबिंतू म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." चर्चमध्ये कसला आलाय धूर? पुढे पुढे तर तिने तोंड उघडलं की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या, "लागलं बघ दुखायला पोटात." मुगोली मात्र रोज वाकून, "कशा आहात चिझाची आई? झोप लागली का?" असं विचारायची. नाबिंतू म्हणायची, "तुला काय करायचंय माझ्या झोपेशी?" आणि घरी जाऊन बुगालीचा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा, उंडा असा थापायची की भांड्याला पोचे यावेत.

मग पाऊस परतला आणि वारा पडला.

त्या सकाळी नाबिंतू उतारावरून खाली आली तेव्हा बायकांनी मासळी भाजायची चूल आधीच पेटवून ठेवली होती. धूर सरळ वर गेला नाही. थंड होत होत तो काठावरून खाली उतरला, पाण्याकडे गेला आणि तिथे, पाण्याच्या गुडघाभर वर, टेबलावर चादर अंथरावी तसा सपाट पसरून राहिला. खाली पाण्याला टेकेना, वर उडेना. अधांतरी बसला होता, कशावर तरी. नाबिंतू जागच्या जागी उभी राहिली. कशावर बसलाय ते ओळखायला तिला चूड लागत नव्हती.

डोंगराकडची झुळूक सुटली होती. धुराची ती चादर आख्खी, एकही सुरकुती न पडता, हळूहळू खाडीच्या तोंडाकडे सरकायला लागली. तिकडे होड्या उभ्या होत्या.

मुगोली खडकावर गुडघे टेकून गात होती. चूड खांद्याशी छान जळत होती.

आता नाबिंतूच्या मनात पहिलं काय आलं ते सांगितलंच पाहिजे, कारण ते आलं. तिच्या मनात आलं, होऊ दे. एकदा कळू दे सगळ्यांना. तेवढ्यात मुगोली उठली, तिने बांबू उंच करून फिरवला, तिन्ही होड्यांची वल्ही पाण्यात पडली आणि म्वेंदांगाने मुगोलीचं नाव घेऊन गाणं उचललं.

"थांबव!" नाबिंतू ओरडली. "माझुकू आहे! चूड खाली कर!"

चुलीपाशी बसलेली एक बाई म्हणाली, "झालं हिचं सुरू."

"अगं धूर बघा! धूर बघा कसा बसलाय!"

"तुझ्याच डोळ्यात जातो बाई तो नेहमी," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. चूक त्यांची नव्हती. रोज खोट काढणाऱ्या बाईचं खरं बोलणं ओळखायचं तरी कसं?

नाबिंतू धावत खडकावर गेली आणि तिने बांबूला हात घातला. मुगोलीला वाटलं, ही आता बांबू हिसकावून घेणार. इतके दिवस "होय हो" म्हणणारी मुगोली पहिल्यांदा चवताळली.

"सोडा! मला दिलंय काम! सगळ्यांनी दिलंय!"

"तुला काम दिलंय, अक्कल कुणी दिलीये का? खाली कर ती चूड!"

"तुम्हाला बघवत नाही माझं!"

"नाही बघवत! मुळीच नाही बघवत! खाली कर!"

उंच बाईच्या हाताला जोर असतो. नाबिंतूने बांबू ओढला, गुडघे टेकले आणि सगळ्या काठादेखत, पाठ न करता, किटेंगे न पसरता, पेटती चूड पाण्याकडे नेली. धुराच्या चादरीतून खाली गेली तशी ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि कुणी चिमटीत धरल्यासारखी विझली.

चुलीपाशी हसणं थांबलं. खाडीच्या तोंडाशी म्वेंदांगाने विझलेली चूड पाहिली आणि गाण्याच्या मधेच ओरडला, "मागे! मागे घ्या!" पहिल्या होडीत पाणी उपसणारा गडी तोवर कलंडला होता. त्याला दोघांनी काखेत धरून उभं केलं, आणि होड्या उलट्या वल्हवत मोकळ्या सरोवराकडे निघाल्या.

इकडे बांबू हातून सुटताना मुगोलीचा तोल गेला होता. ती खडकाखाली मांडीभर पाण्यात पडली. एरवी हसत उठली असती. ती उठायला लागली, तोंडाने मोठा श्वास घेतला आणि परत बसली. मग आडवी झाली.

खडकावर दुसरं कुणी नव्हतं. नाबिंतूने खाली पाहिलं. दयेने तिचं मन भरून आलं वगैरे नंतर लोक म्हणाले, पण तिला खरोखर दिसली ती मयत. गाणाऱ्या सगळ्या पोरी पांढऱ्यात, पाद्रीबाबा रडतायत, म्वेंदांगा छाती पिटतोय, आणि त्यानंतर दरवर्षी, दर होडीत, त्या गाण्यात मुगोली, मुगोली, मुगोली. मेलेल्या बाईचं नाव गाण्यातून कोण काढणार? "मरू नकोस, भवाने," नाबिंतू दातांत म्हणाली, छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि उडी मारली.

पाण्यात ती ताठ उभी राहिली. तिची मान थराच्या वर होती, सासू जिच्यावरून लांबोडी म्हणायची ती उंची. पण वाकल्याशिवाय माणूस उचलता येत नाही. ती वाकली, मुगोलीच्या काखेत हात घातले, कानात ढोल वाजायला लागले तरी तोंड उघडलं नाही, आणि तिला आपल्या डोक्याच्याही वर उचलून धरलं. काठावरच्या बायकांनी आपली किटेंगे एकमेकींत गाठून खडकावरून खाली सोडली आणि दोघींना वर ओढलं.

मुगोली ओकली, खोकली, आणि रडायला लागली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. कुणी तिला ऊब दिली, कुणी दुधाचा चहा आणला. नाबिंतू ओलीचिंब बाजूला बसली होती. तिच्याकडे चहा आला नाही. तिच्याकडे आली ती चुलीपाशी हसलेली बाई, आणि तिने हळू आवाजात विचारलं, "म्हणजे ती प्रार्थना नव्हती?"

"नाही."

"तू चूड खाली न्यायचीस. रोज."

"हो."

"आणि ही नेत नव्हती, ते तुला दिसत होतं. आख्खा कोरडा हंगाम?"

नाबिंतू ओल्या किटेंगेचं टोक पिळत राहिली. माझा नवरा आहे त्या होडीत, असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि मुगोलीने चहाच्या पेल्यावरून मान वर करून नाबिंतूकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं.

ऊन चढलं तसा सरोवराकडून वारा आला. पाण्यावरचा धूर आधी थरथरला, मग त्याच्या चिंध्या झाल्या. नाबिंतूने कुणी सांगायची वाट न पाहता नवी चूड बांधली, गुडघे टेकून खाली नेली, ती पाण्याशी खळखळून जळली, आणि तिने बांबू फिरवला. होड्या निघाल्या. गाणं सुरू झालं, पण नावाच्या जागी आल्यावर म्वेंदांगा थांबला. लांबून त्याला खडकावर दोन बायका झोंबताना दिसल्या होत्या, एवढंच. वल्हं उभं धरून तो ओरडला, "कुणाचं नाव घेऊ?"

काठावर कुणीच उत्तर देईना. बायका नाबिंतूकडे बघत होत्या आणि त्या नजरेत तिचं नाव सुचवायची कुणाची इच्छा नव्हती. तिला ते दिसत होतं. आपणच ओरडून सांगावं इतकी तिला हाव होती आणि तोंड उघडत नव्हतं.

मुगोली दगडाचा आधार घेत उठली. अंगावरचं किटेंगे गळून पडलं. तो आवाज, जो ऐकून म्हातारे काठी टेकवून उभे राहायचे, तो फाटला होता, तरी पाण्यावरून पार गेला. "नाबिंतू! नाबिंतूचं घ्या!"

चाळीस गड्यांनी नाव घेतलं. पूर्वी कधी घेतलं नसेल इतक्या जोरात घेतलं. आणि काठावरच्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, "काय मन आहे या पोरीचं!"

नाबिंतूला नाव मिळालं. ते मुगोलीने दिलं म्हणून मिळालं. ती ओल्या कपड्यांत उभी होती आणि तिच्या नावाचं गाणं जवळ जवळ येत होतं.

"कशाला सांगितलंस?" तिने विचारलं. "तुला ठाऊक आहे ना, मी मुद्दाम गप्प बसले?"

"ऐकलं मी," मुगोली म्हणाली. "राग आलाय मला. पुष्कळ आलाय. पण चूड तुमची होती. मग नाव तुमचंच ना?"

इतकं साधं. नाबिंतूने स्वतःला तिच्या जागी उभं करून पाहिलं आणि तिला कळलं की आपण तिथे तोंड उघडलं नसतं. जीव गेला असता तरी उघडलं नसतं. गाण्यावरून, आवाजावरून, हसण्यावरून तिने आजवर या पोरीचा जितका हेवा केला होता तो सगळा एकत्र केला तरी आत्ता वाटला त्याच्या पासंगाला पुरला नसता.

पहिली होडी खडकाला लागली. म्वेंदांगाने ओंजळभर सांबाझा नाबिंतूच्या टोपलीत टाकली. तिने आभार मानले नाहीत.

"उद्या ये," ती मुगोलीला म्हणाली, तिच्याकडे न बघता. "चूड खाली कशी न्यायची ते दाखवते. आणि तिथे गाऊ नकोस. मला ऐकवत नाही."